जुन्या गाडीचं इंजिन बसलं : पैसे लावावे की गाडी काढून टाकावी?

उन्हाळ्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर गेला की गावोगावच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास वाढते. लग्नाला निघालेली गाडी, आत सहा-सात माणसं, एसी सुरू. गरमीचा काटा लाल पट्टीत जातो. "आता गाव आलंच" म्हणून गाडी तशीच दामटली जाते अन् मध्येच बंद पडते. मिस्त्री बोनेट उघडून पाहतो अन् सांगतो, "इंजिन बसलं. साठेक हजार लागन."

गाडी दहा-बारा वर्षांची असते. अल्टो, वॅगन आर, ओम्नी, इंडिका, नाहीतर बोलेरो. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, "जे गाडी कोणी ऐंशी हजारात घेत नाही, तिले साठ हजार कायले लावायचे?" दुसरा म्हणतो, "साठ हजारात दुसरी गाडी कुठं भेटते?" दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पेरणीच्या तोंडावर हा खर्च आला तर तो थेट बियाणं-खताच्या पैशातूनच जातो, म्हणून घाईत निर्णय होऊ नये.

इंजिन करायचं की नाही, हे बरेच जण फक्त इंजिनच्या खर्चावरून ठरवतात. खरं तर ते ठरतं गाडीच्या बॉडीवरून अन् आरसी बुकावरच्या तारखेवरून. पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासली पाहिजे.

इंजिन खरंच गेलं का?

"इंजिन बसलं" या दोन शब्दांत गॅरेजवाले पाच-सहा वेगळे आजार बसवतात. त्यातले काही दहा हजाराच्या आत निपटतात.

गाडी गरम होऊन बंद पडली असेल तर बरेचदा हेड गॅस्केट उडालेली असते. म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, अन् खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग फाटलेलं असतं. ऑइलची काडी काढून पाहावी किंवा ऑइल टाकायचं झाकण उघडावं. आत दुधाच्या चहासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं आहे. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर सारखे बुडबुडे येत असतील तर तेही त्याचंच लक्षण. वेळेत गाडी थांबवली असेल तर हेड लेथवर नेऊन सपाट करून, नवी गॅस्केट टाकून काम होतं. तशीच पुढे पळवली असेल तर मात्र पिस्टन सिलेंडरमध्ये घासतो, अन् मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

धुराचा रंगही बरंच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना थोडा निळा धूर येऊन बंद होत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. लोड पडल्यावर सतत निळा धूर अन् दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागत असेल, तर रिंगा अन् बोअर झिजले. डिझेल गाडीचा काळा धूर हा बहुधा नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बोचा दोष असतो. त्यासाठी इंजिन खोलू द्यायचं कारण नाही. पांढरा धूर थांबत नसेल अन् कूलंट कमी होत असेल तर पुन्हा गॅस्केटकडेच पाहावं. खालून खट-खट असा जड आवाज येत असेल तर बेअरिंग गेलं आहे. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नये, टोचन करूनच न्यावी. क्रँक खराब झाला की खर्च कुठल्या कुठं जातो.

"पिकअप नाही" हे कारण तर सगळ्यात फसवं आहे. क्लच प्लेट घासली, डिझेल फिल्टर चोंदला, सायलेन्सरमधला कॅट बंद झाला, तरी गाडी ओढत नाही.

म्हणून इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. प्लग काढून त्या जागी मीटर लावतात अन् स्टार्टर मारतात. पेट्रोल गाडीत साधारण १० ते १४ किलो दाब दिसतो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट-अडीचपट. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सिलेंडरचा दाब जवळपास सारखा आहे का. एकाचाच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहतात. दाब वाढला तर रिंगा खराब, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम आहे. जो मिस्त्री ही टेस्ट न करता थेट "इंजिन उतरवा" म्हणतो, त्याच्याकडून गाडी दुसऱ्याकडे दाखवायला न्यावी. दोन मिस्त्र्यांचं म्हणणं जुळलं तर पुढचा विचार.

गाडीत बाकी काय शिल्लक आहे?

इंजिन नवं करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सडलेली बॉडी मात्र परत मिळत नाही.

अल्टो, वॅगन आर, इंडिका या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे खालचा पत्रा सडला की गाडीचा कणाच गेला समजावं. आतली मॅटिंग उचलून पाहावी. दाराखालचा उंबरठ्यासारखा भाग, पुढचा शॉकअप जिथं बसतो तो पत्रा, स्टेपनीची जागा, सगळं पेचकसाच्या टोकानं दाबून पाहावं. टोक आत गेलं तर त्या गाडीत इंजिनचे पैसे टाकू नयेत. बोलेरोसारख्या गाडीला वेगळी चेसिस असते, तिथं पत्रा बदलला तरी चालतं. पण चेसिसला वेल्डिंगचे जोड असतील तर तीही गेलीच.

नागपूरची हवा कोरडी, कोकणासारखा गंज इथं चढत नाही. आपल्याकडे गाड्या सडतात त्या वेगळ्याच कारणानं. मागच्या सीटा काढून युरिया अन् सुपर फॉस्फेटची पोती भरली जातात. पोतं फुटून खत मॅटखाली सांडते, पावसाळ्यात ओल धरते अन् दोन वर्षांत पत्र्याला भोकं पाडते. गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं वायरिंग उंदीर कुरतडतात, तेही पाहून घ्यावं.

गिअर अडकतो का, स्टेअरिंग एका बाजूला ओढते का, अपघातात पुढचा भाग बसला होता का, हे मालकाला माहीत असतंच. अशी दोन-तीन दुखणी असतील तर साठ हजार ही फक्त सुरुवात ठरते.

सुटे भाग मिळतात का, हेही पाहावं लागते. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचा सामान तालुक्याच्या दुकानातही मिळतो. स्विफ्ट अन् इंडिका व्हिस्टा या दोन्ही गाड्यांमध्ये आलेलं १.३ लिटर डिझेल इंजिन एकाच घराण्याचं, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही ते तयार व्हायचं. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण या इंजिनचा सामान अन् जाणकार मिस्त्री दोन्ही सापडतात. शेवरलेटनं मात्र २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्या गाड्यांचं मोठं काम काढायच्या आधी सामान हातात येतो का, हे दुकानात विचारून घ्यावं. नाहीतर गाडी चार महिने गॅरेजच्या अंगणात उभी राहते.

आरसीवरची तारीख

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. संपण्याची तारीख आरसीवर लिहिलेली असते, एमपरिवहन अॅपवरही दिसते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून, पास करून, एका वेळी ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते.

१५ वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात जाते, हा गैरसमज गावात पक्का बसला आहे. डिझेल १० वर्षं अन् पेट्रोल १५ वर्षं ही अट दिल्ली अन् आजूबाजूच्या भागाची. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं अन् २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती घातली. त्यात पुढे बदलही झाले. नागपूर जिल्ह्यातल्या खासगी गाडीला ती लागू नाही. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे, १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली.

पण नोंदणी वाढवण्याचा खर्च आता हलका राहिला नाही. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५ हजार रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ते १० हजार केलं गेलं. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड वेगळा. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात, पीयूसी, विमा, अन् २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. शिवाय पासिंगला जायच्या आधी लाइट, ब्रेक, टायर अन् रंगाचं थोडंफार काम निघतंच.

म्हणून २०१५ ची गाडी अन् २०११ ची गाडी यांचं इंजिन एकाच दिवशी बसलं, तरी हिशेब वेगळा होतो. पहिलीकडे कागदाची आणखी काही वर्षं बाकी आहेत. दुसरीचं इंजिन करायचं तर पासिंगचा खर्च त्यातच धरावा.

टाटा एससारख्या मालवाहू गाडीला हे सूत्र चालत नाही. तिथं ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागते. पण ती गाडी रोज कमावते, त्यामुळे इंजिनचा खर्च किती महिन्यांच्या भाड्यात निघतो एवढंच पाहायचं.

हिशेब असा मांडावा

समजा २०१४ ची पेट्रोल गाडी आहे. चालू असती तर ९० हजारात गेली असती. इंजिन बसलेल्या अवस्थेत कबाडी किंवा गॅरेजवाला ३५ हजार देतो. इंजिनचं काम ४५ हजार, सोबत क्लच, रेडिएटर, पाइप धरून ६० हजार.

इथं "९० हजाराच्या गाडीला ६० हजार" अशी तुलना केली जाते. ती चुकीची आहे. खरे पर्याय दोन. एक, ६० हजार लावून हीच गाडी ठेवायची. दुसरा, ही ३५ हजारात द्यायची, तेच ६० हजार त्यात घालायचे अन् ९५ हजाराची दुसरी जुनी गाडी आणायची. मग प्रश्न असा होतो, की ९५ हजारात बाजारात जी गाडी मिळेल, ती नवं इंजिन झालेल्या आपल्या गाडीपेक्षा चांगली असेल का? आपल्या गाडीचा इतिहास आपल्याला माहीत आहे. तिचा नाही. तिचं मीटर मागे फिरवलेलं असू शकते, तिचंही इंजिन सहा महिन्यांत बसू शकते. बॉडी चांगली अन् कागद शिल्लक असतील तर बहुतेक वेळा आपलीच गाडी पुढे जाते.

इंजिन केल्यावर गाडी चार वर्षं चालली तर ६० हजाराचे महिन्याला १,२५० रुपये पडतात. नवी गाडी घेऊन ४ लाखाचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेआठ हजाराच्या आसपास येतो, अन् व्याजच १ लाख १० हजाराच्या घरात जाते. पगारदाराला तो हप्ता झेपतो. संत्रा अन् कापसाचा पैसा वर्षातून दोनदा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. हे लक्षात न घेता गाडी घेतलेली अन् तिसऱ्या वर्षी फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेली उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत.

दुसरी बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी तो सेससह २९ ते ३१ टक्के होता. नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या गाडीची किंमतही दबते. त्यामुळे "चालू असती तर इतक्याला गेली असती" हा आकडा दोन वर्षांपूर्वीचा धरू नये.

आणखी एक चूक सगळीकडे होते. "मागच्या वर्षीच टायर अन् बॅटरीला तीस हजार लावले, आता कशी सोडायची?" ते तीस हजार गेले. पुढचा निर्णय पुढच्या खर्चावरच व्हावा.

गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच फिरत असेल, म्हणजे लग्न, देवदर्शन अन् कधीतरी मेडिकलला पेशंट न्यायला, तर गावातली गाडी भाड्यानं सांगणं स्वस्त पडते का, तेही एकदा मांडून पाहावं. रात्री-बेरात्री १०८ ची रुग्णवाहिका असते. तरी दारात गाडी असण्याचं मोल वेगळं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

विम्यातून पैसे मिळतील या आशेवर कोणी राहू नये. फुल इन्शुरन्स असला तरी झीज होऊन किंवा गरम होऊन बसलेल्या इंजिनचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. नाल्याच्या पुरात गाडी बंद पडली अन् पुन्हा सेल्फ मारून इंजिन फुटलं तरी तेच. अशा वेळी सेल्फ मारूच नये.

रिपेअर की दुसरं इंजिन?

हेड काम सोडलं तर तीन रस्ते उरतात. पहिला, आहे तेच इंजिन खोलून करणं. सिलेंडर लेथवर थोडे मोठे कापतात, त्या मापाचे मोठे पिस्टन-रिंग टाकतात, क्रँक घासून नवीन बेअरिंग बसवतात. काम किती टिकेल, हे मिस्त्र्याइतकंच लेथवाल्याच्या हातावर अवलंबून असते. दुसरा, कंपनीचं हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, पिस्टन अन् क्रँक तयार बसवलेले, हेड आपलंच वापरायचं. महाग, पण डोकेदुखी कमी. तिसरा, भंगारातल्या गाडीतून निघालेलं इंजिन.

दिल्लीच्या मायापुरीसारख्या बाजारांतून अन् अपघाती गाड्यांमधून निघालेली इंजिनं सगळीकडे पोचतात. स्वस्त पडतात, दोन दिवसांत बसतात. पण ते किती चालले होते हे विकणारा सांगेल तेवढंच, अन् खरी अडचण नंबरची. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. आपलंच इंजिन रिपेअर केलं तर नंबर तोच राहतो, कागदात काही करावं लागत नाही. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर अन् गाडीतला नंबर वेगळा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची माहिती १४ दिवसांच्या आत आरटीओला देऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही लागते. विमा कंपनीलाही कळवावं.

हे न केल्यास रोज काही बिघडत नाही, म्हणून लोक सोडून देतात. अडतं ते पासिंगच्या दिवशी, गाडी विकताना किंवा अपघाताचा क्लेम करताना. अन् इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्या. पक्कं बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत अन् इंजिन नंबरचा फोटो मिळत नसेल तर ते इंजिन फुकटही घेऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वाहन समन्वय या सेवेवर नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते पाहता येते.

काढून टाकायची ठरली तर

बंद गाडी कबाडीला रोख पैशात देऊन मोकळं होणं सोपं वाटते. पण आरसी नावावर तशीच राहिली तर जबाबदारीही राहते. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोणी ती गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणली अन् काही घडलं तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. चालवण्यासाठी विकली तर फॉर्म २९ अन् ३० भरून नाव बदललं का, ते अॅपवर स्वतः पाहावं. भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथं ठेव प्रमाणपत्र मिळते, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते, अन् आरसी कायमची बंद होते.

काम करायचं ठरलं तर

गॅरेजवाल्याकडून कागदावर अंदाजपत्रक घ्यावं. कोणत्या कंपनीचे पिस्टन, रिंग, बेअरिंग, ते त्यात लिहिलेलं असावं. अॅडव्हान्स अर्धाच द्यावा, जुने भाग परत मागावे अन् किमान सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्यावी.

त्याहून महत्त्वाचं, इंजिन का बसलं ते शोधून आधी ते दुरुस्त करावं. ग्रामीण भागात याचं मोठं कारण बोअरचं पाणी आहे. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं क्षाराचं पाणी टाकल्यानं आत पांढरा थर बसतो अन् पाणी फिरतच नाही. तोच रेडिएटर नव्या इंजिनला लावला तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. रेडिएटर साफ करून घ्यावा किंवा बदलावा, वॉटर पंप, पाइप अन् पंख्याचा स्विच तपासावा, अन् पुढे कूलंटच वापरावं. "आपल्याकडे गरमी जास्त आहे" म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यानं थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खाते अन् झीजही वाढते. तो नवा बसवून घ्यावा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप अन् सील त्यासाठी बनलेले नाहीत, इंजिन उतरलेलंच असते तर तेही बदलून घ्यावे. क्लच प्लेट अन् टायमिंगचा पट्टा किंवा चेन यांचंही तसंच. नंतर एवढ्यासाठी पुन्हा मजुरी द्यावी लागते.

गाडी हातात आल्यावर पहिले हजार किलोमीटर जपून चालवावी. एकदम रेस नको, ट्रॉली ओढणं नको, सात माणसं भरून नागपूर नको. पहिलं ऑइल अन् फिल्टर या हजार किलोमीटरनंतर लगेच बदलावं, कारण नव्या रिंगांचा बारीक चुरा त्यातच उतरलेला असतो. अन् पहिला महिनाभर रोज सकाळी ऑइलची काडी अन् कूलंटची बाटली पाहायची.